स्वस्त आसुडाची किंमत : महाकाली यात्रेपासून शंकरपटापर्यंत

१/
चैत्रात चंद्रपूरच्या महाकाली मंदिराकडे जाणारे रस्ते भाविकांनी भरून जातात. मराठवाड्यातून आणि तेलंगणातून आलेली कुटुंबे झरपट नदीत स्नान करून दर्शनाच्या रांगेत उभी राहतात. ढोलकी, हलगी आणि जयघोष यांच्या गलक्यातही एक आवाज वेगळा ओळखू येतो : पोतराजाच्या आसुडाचा. हा धागा त्या साध्या वस्तूचा इतिहास सांगतो. आसूड कशाचा बनतो, तो वाजतो कसा, आणि बाजारात तो इतक्या थोड्या पैशांत का मिळत असे?

२/
आधी शब्दांचा उलगडा. गाडीवानाचा आसूड म्हणजे लाकडी वा वेळूच्या दांड्याला बांधलेली कातडी वादी. पोतराजाचा कोरडा म्हणजे जाड पिळाची, टोकाकडे निमुळती होत जाणारी दोरी. लोक त्यालाही आसूडच म्हणतात. चाबूक हा फारसी शब्द, तर हंटर इंग्रजी अमदानीतला. पूर्व विदर्भात बैल हाकण्याच्या ज्या काठीच्या टोकाला लोखंडी आर बसवलेली असते, तिला तुतारी म्हणतात. आसूड आणि तुतारी यांतला भेद लक्षात ठेवावा. पुढे कायद्याच्या प्रसंगी तो उपयोगी पडेल.

३/
यांपैकी ‘चाबूक’ या शब्दाचा प्रवास थक्क करणारा आहे. फारसीत त्याचा मूळ अर्थ चपळ, वेगवान. तिथून तो हिंदुस्थानी भाषांत आला, मलय भाषेत ‘चंबुक’ झाला आणि डच वसाहतींच्या मार्गाने दक्षिण आफ्रिकेत ‘शॅम्बॉक’ या नावाने पोहोचला. वर्णद्वेषी राजवटीत निदर्शकांवर चालवल्या जाणाऱ्या पोलिसी चाबकाचे हेच नाव. मराठी घोडेस्वाराच्या हातातला शब्द आणि जोहान्सबर्गच्या रस्त्यावरचा शब्द एकाच कुळातले आहेत.

४/
आता आवाजाकडे. आसूड कडाडतो तेव्हा तो कशावर तरी आदळलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कडाका हवेतच होतो. हाताने दिलेला झोल वळण घेत वादीतून पुढे सरकतो. वादी टोकाकडे बारीक व हलकी होत जाते, त्यामुळे तीच ऊर्जा कमी कमी वस्तुमानात सामावते आणि वेग वाढत जातो. अखेरीस हा वेग ध्वनीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरला, मागे टाकतो. ऐकू येणारा कडाका हा त्या क्षणी निर्माण झालेल्या आघाततरंगाचा असतो.

५/
अतिवेगवान छायाचित्रांच्या आधारे अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये आसुडाच्या गतीचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. २००२ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील गोरीली आणि मॅकमिलन या गणितज्ञांनी दाखवले की आवाज मुख्यतः पुढे सरकणाऱ्या वळणातून उमटतो. त्या वेळी टोकाचा वेग ध्वनीच्या दुपटीच्याही पुढे गेलेला असतो. माणसाने बनवलेल्या वस्तूंपैकी ध्वनीचा वेग बहुधा सर्वांत आधी आसुडानेच ओलांडला, असे म्हणतात ते यामुळे. गाडीवानाला हे गणित ठाऊक नव्हते, पण वादी निमुळती हवी, हे त्याला पक्के ठाऊक होते.

६/
इथेच स्वस्त आसुडाचा दोष उघडा पडतो. स्वस्त वादी बहुधा मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीची असते, कारण निमुळती वादी कापायला वेळ आणि वाया जाणारे कातडे लागते. वेणी सैल असते. आतला गाभा चिंध्यांचा किंवा पोकळ असतो, त्यामुळे वादी एखाद्या ठिकाणी मोडल्यासारखी वाकते आणि हाताने दिलेला झोल तिथेच विरतो. कातडे कोरडे, ताठ राहिलेले असते. असा आसूड जोर लावूनही वाजत नाही. नवख्याला वाटते, आपलाच हात कमी पडतो आहे.

७/
तरी असा आसूड टाकून द्यावा लागत नाही. घेताना वादी बोटांतून पुढे सरकवीत हळूहळू वाकवून पाहावी. वळण सगळीकडे सारखे गोल आले, तर गाभा ठीक आहे. नवख्याने लांबीचा मोह धरू नये. सहा फुटांचा आसूड आवरता येतो, दहा फुटांचा स्वतःच्याच कानावर येतो. वेणी सैल असेल तर वादी दोन फळ्यांमध्ये ठेवून दाबत लोळवावी. पेड जागच्या जागी बसतात आणि वादी गोल होते.

८/
त्यानंतर तेल. विदर्भाच्या खेड्यांत मोट, वहाणा आणि वाद्या मऊ ठेवण्यासाठी एरंडेल किंवा करंजाचे तेल वापरले जाई. तेल थोडे, हाताने चोळून लावायचे आणि रात्रभर मुरू द्यायचे. जास्त झाले तर कातडे लिबलिबीत होते. शेवटी टोक. वेणी संपते तिथे मऊ कातड्याची निमुळती पट्टी आणि तिच्या टोकाला वीतभर पिळलेल्या सुताचा गोंडा बांधला की निर्जीव वाटणारा आसूड बोलू लागतो. हा गोंडा झिजण्यासाठीच असतो. तो नसेल तर झीज थेट कातड्याची होते.

९/
एवढ्या खटपटीनंतर प्रश्न पडतो : मुळात हे कातडे आले कुठून, आणि ते इतके स्वस्त कसे? त्याचे उत्तर शोधताना एका आसुडामागे तीन ठिकाणचे श्रम दिसतात. जंगलातून साल आणि हिरडा आणणाऱ्याचे, मेलेले जनावर ओढून नेणाऱ्याचे, आणि कातडी कमावून तिची वादी करणाऱ्याचे. चंद्रपूर आणि गडचिरोली (२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) या भागाच्या इतिहासात या तिघांचीही ठळक जागा आहे.

१०/
पहिले श्रम जंगलातले. कच्चे कातडे कुजते. ते टिकवायचे तर झाडांतील तुरट द्रव्य त्यात मुरवावे लागते. बाभळीची साल, ऐनाची साल आणि हिरड्याची फळे हे त्याचे मुख्य स्रोत. हिरडा एकोणिसाव्या शतकात जागतिक बाजारातला माल झाला. युरोपातील चर्मोद्योगासाठी तो जहाजे भरभरून जाई आणि व्यापारात त्याच्या प्रतींना ‘जबलपूर’, ‘वेंगुर्ला’ अशी स्थळनामे पडली होती. मध्य प्रांताच्या रानात फळे वेचणाऱ्या आदिवासी कुटुंबाची मजुरी आणि युरोपातला भाव यांच्यामध्ये ठेकेदारांची लांब साखळी होती.

११/
त्याच काळात जंगलावरचा हक्कही बदलत होता. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी सरकारने विस्तीर्ण राने राखीव केली. चांदा जिल्ह्यातील सागवान इमारती लाकूड म्हणून मोलाचे होते, त्यामुळे इथे हा बदल तीव्रतेने जाणवला. काल जे रान चराईचे, सालीचे, मोहफुलांचे होते, तिथे आता परवाना लागू लागला. आसुडासाठी लागणारी साल तीच होती. मात्र ती सोलणारा माणूस कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरू शकत होता.

१२/
दुसरे श्रम मेलेल्या जनावराचे. गावात गुरू मेले की त्याला ‘पड’ म्हणत. ती ओढून गावाबाहेर नेण्याचे काम जातीने ठरलेले होते, आणि महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ते महार समाजावर लादलेले होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीच्या या देवाणघेवाणीचे बारकाईने वर्णन आढळते. कातड्यावर हक्क कोणाचा, यावरून गावोगाव तंटे होत. मात्र दुर्गंधी, रोगाचा धोका आणि अस्पृश्यतेचा कलंक कोणाच्या वाट्याला जायचा, याबद्दल गावाच्या मनात कधीच तंटा नव्हता.

१३/
तिसरे श्रम कमावण्याचे. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सोडवायचे, मांसाचा थर खरवडायचा, मग सालीच्या अर्कात ते आठवडेच्या आठवडे मुरवायचे. अनेक ठिकाणी कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात सालीचा अर्क भरून ते तिकाटण्याला टांगून ठेवीत. मराठीत या साऱ्या कामाला ‘कातडी कमावणे’ म्हणतात. पैसे मिळवण्यालाही आपण कमावणेच म्हणतो. ढोर आणि चांभार समाजांच्या वाट्याला यांपैकी पहिले कमावणे पुरेपूर आले, दुसरे फारच थोडे.

१४/
दोऱ्यांचे काम मांग, म्हणजे आजच्या मातंग समाजाकडे होते. अंबाडी, ताग, केकताड यांचे वाख काढून नाडे, कासरे, दोरखंडे तेच वळत. मोबदला रोख नसे. सुगीला खळ्यावर मिळणारे बलुते हीच मजुरी. किती धान्य मिळेल हे वस्तूच्या दर्जावर ठरत नसे, देणाऱ्याच्या मर्जीवर ठरे. शेतकऱ्याला आसूड स्वस्त पडत होता तो या व्यवस्थेमुळे. त्याची किंमत कमी नव्हती. ती फक्त विकत घेणाऱ्याला भरावी लागत नव्हती.

१५/
हे ध्यानात घेतले की महाकाली यात्रेतला पोतराज वेगळाच दिसू लागतो. पोतराज हा मरीआईचा उपासक. कॉलरा, देवी यांसारख्या साथींची भीती जिच्या नावाशी जोडलेली होती, त्या देवीचा देव्हारा डोक्यावर घेऊन घरची स्त्री चालते आणि पोतराज आसूड उगारतो. हे व्रत मुख्यतः मातंग समाजातील पुरुषांकडे आले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावासाठी दोर वळला, त्यांनीच गावावरचे अरिष्ट टळावे म्हणून त्या दोराचे फटके अंगावर घ्यायचे. कडाका हवेत उमटतो हे खरे, पण दंडावरचे वळही खरेच असतात.

१६/
राज्यसंस्थेलाही फटक्यांचा मोह सुटला नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील शिक्षांच्या यादीत फटके नव्हते. अवघ्या चार वर्षांत, १८६४ च्या कायद्याने, ते परत आणले गेले आणि १९०९ मध्ये त्यासाठी नवा कायदा झाला. चोरीसारख्या गुन्ह्यासाठी गरीब आरोपीला तुरुंगात पोसण्यापेक्षा फटके मारून सोडणे सरकारला सोयीचे वाटे. इथेही मुद्दा स्वस्ताईचाच होता. ही शिक्षा स्वतंत्र भारतात १९५५ च्या कायद्याने रद्द झाली.

१७/
या पार्श्वभूमीवर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये आपल्या ग्रंथाला ‘शेतकऱ्याचा आसूड’ हे नाव दिले, त्याचे मोल कळते. ज्याच्या पाठीवर सावकार, भटभिक्षुक आणि सरकारी नोकरशाहीचे फटके पडत होते, त्याच्याच हातात फुल्यांनी आसूड दिला. ग्रंथाचे भाग त्यांनी ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवले. ‘दीनबंधू’ने काही मजकूर छापला आणि पुढचा छापण्याचे थांबवले. संपूर्ण ग्रंथ फुल्यांच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकला नाही. गायराने गिळणाऱ्या जंगल खात्यावरही त्यात कठोर टीका आहे.

१८/
मात्र आसुडाच्या कातड्याला खरा हादरा बसला तो विसाव्या शतकात. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस वर्ज्य करण्याचे आवाहन केले. पड ओढण्याचे काम सोडण्याची चळवळ गावोगाव पसरली. त्याची शिक्षा म्हणून अनेक गावांत बहिष्कार घातले गेले. फुकटात होत असलेले काम थांबले तेव्हाच गावाला कळले की ते काम होते.

१९/
त्याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडी येथे दुसरा प्रयोग चालू होता. गांधीजींच्या प्रेरणेने १९३० च्या दशकात सुरू झालेले नालवाडी चर्मालय गोपाळराव वाळुंजकर चालवीत. केवळ नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावरांचेच कातडे वापरायचे आणि हे काम कोणत्याही जातीच्या माणसाने करायचे, ही त्यामागची भूमिका. गांधीजींना काम प्रतिष्ठित करायचे होते. आंबेडकरांचा प्रश्न अधिक मुळाशी जाणारा होता : ज्या कामाने माणूसपण हिरावले, ते काम त्याच माणसाने का चालू ठेवावे?

२०/
या प्रश्नाचा हिशेबही मांडला गेला. पड ओढणे सोडल्याने कातडी, शिंगे, हाडे यांचे वर्षाला सुमारे ५०० रुपयांचे उत्पन्न बुडते, असा युक्तिवाद वृत्तपत्रातून करण्यात आला होता. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला. एवढा नफा असेल तर तो तुम्हीच घ्या, वर आणखी ५०० रुपये मी देतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. बलुत्याच्या हिशेबात शतकानुशतके न धरलेली रक्कम त्या दिवशी जाहीरपणे मोजली गेली.

२१/
दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेब तेव्हाच्या चांद्याला आले आणि तेथे त्यांनी मोठ्या जनसमुदायाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली. नागपूरनंतर दीक्षेचा असा मान मिळालेले शहर म्हणजे चंद्रपूर. आज तिथे दीक्षाभूमी आहे. महाकाली मंदिर आणि दीक्षाभूमी एकाच शहरात आहेत. एका ठिकाणी आसूड अंगावर घेण्याची परंपरा दिसते. दुसऱ्या ठिकाणी लोकांनी त्या कातड्याशी बांधलेले जन्मजात नाते तोडले.

२२/
शहरात मात्र आसुडाचे रूप वेगळेच होते. १९३५ मध्ये मुंबईच्या वाडिया मुव्हीटोनचा, होमी वाडिया दिग्दर्शित ‘हंटरवाली’ प्रदर्शित झाला आणि निर्भय नादियाच्या हातातला हंटर अन्यायाचा सूड घेणारे शस्त्र ठरला. पुढे १९८१ पासून इंडियाना जोन्सच्या चित्रपटांनी जगभरच्या तरुणांना कातडी आसुडाचे वेड लावले. आज हौसेने पहिला स्वस्त आसूड विकत घेणारा तरुण बहुधा याच पडद्यावरून त्याच्याकडे आलेला असतो. त्याच्या हातातल्या वस्तूचा गावाकडचा इतिहास पडद्यावर कुठेच नसतो.

२३/
पुन्हा झाडीपट्टीकडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात सुगी संपली की शंकरपट भरतो. हलक्या छकड्याला जुंपलेल्या बैलजोड्या दाणीवर धावतात, धुरकरी त्यांना हाकतो आणि रात्री त्याच गावात झाडीपट्टीचे नाटक रंगते. वडसा हे या नाटक मंडळींचे केंद्र. याच रंगभूमीवरील कार्यासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पटात अब्रू पणाला लागते, आणि अब्रूपायी आर टोचलेल्या बैलांची पाठ रक्ताळल्याचेही लोकांनी पाहिलेले आहे.

२४/
टोकदार आर लावलेली काठी वापरण्यास १९६५ च्या केंद्रीय नियमांनीच मनाई केली होती. ती कागदावर राहिली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवरच बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मात्र २०१७ च्या नियमांनुसार धावणाऱ्या बैलावर काठी, चाबूक वा विजेचा धक्का वापरता येत नाही. पट परतला, आसूड परतला नाही. निदान नियमांत तरी.

२५/
जुने जाणते धुरकरी या अटीने गोंधळले नाहीत. चांगली जोडी शेपटाला झालेल्या हाताच्या स्पर्शाने आणि धन्याच्या हाकेने धावते, हे त्यांना पूर्वीपासून माहीत होते. आसुडाचे भौतिकशास्त्रही हेच सांगते : उत्तम आसूड हवेत वाजतो, त्याला पाठ लागत नाही. पाठीवर पडणारा फटका म्हणजे एक तर साधन वाईट आहे, नाही तर हात अडाणी आहे.

२६/
आज कोणी हौसेने स्वस्त आसूड घेत असेल, तर त्याने मोकळे मैदान निवडावे, डोळ्यांवर चष्मा आणि अंगात लांब बाह्यांचा सदरा असावा, आसपास माणूस वा जनावर नसावे आणि जोराऐवजी झोल साधावा. तेल, नवी पट्टी आणि सुताचा गोंडा यांनी वादी सुधारते. कोणी हाताने वळलेली, घट्ट वेणीची वादी विकत असेल आणि तिचा भाव जास्त वाटला, तर घासाघीस करण्यापूर्वी साल सोलणारे, पड ओढणारे आणि कातडे कमावणारे हात आठवावेत. त्या भावात त्यांची मजुरी कदाचित पहिल्यांदाच धरलेली असेल.